गोटीरामचा पिवळा झेंडू आणि तुझं अमेरिकन पाखरू

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

मळा, दिंडोरी रस्ता, नाशिक
घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी

चिरंजीव रविराज यास,

वाल्मीकमामाचे पोटभर आशीर्वाद. तू, सूनबाई आणि छोटी वेदिका खुशाल असाल असं धरून चालतो, कारण खुशाल नसतात तर तुझ्या आईनं ते एव्हाना निम्म्या पंचवटीला सांगितलं असतं. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. मामीचा गुडघा पावसाळ्यात बोलत होता, तो आता गप्प आहे. मामी गप्प नाही. म्हैस व्याली, पारडी झाली, आणि तुझ्या आईची साखर डॉक्टरांच्या मते वाढली असून तिच्या मते डॉक्टरांचं यंत्र बिघडलं आहे.

फोन करायचं सोडून मामा कागद का काळे करतोय, असं तुला वाटेल. कारण पुढं येईलच, पण थोडक्यात सांगायचं तर बॅटरीवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर माझा हल्ली भरवसा उरलेला नाही. कागदाचं एक बरं असतं, तो कुठं बसून लिहिला हे तो कुणाला परस्पर सांगत नाही. (मी कुठं बसून लिहितोय ते तूही विचारू नकोस. घरात नाही, एवढंच सांगतो. मामीला वाटतंय मी ठिबकच्या नळ्या बघायला गेलोय.) पत्र पुरं झालं की तुझ्या आईकडं देईन, ती कुरिअरनं धाडेल.

श्रावणात तू आलास तेव्हा तुझी बॅग मामीनं आणि मी मिळून उघडली होती. बदाम, शाम्पूच्या बाटल्या आणि मामीसाठी आणलेला तो लोकरीचा स्वेटर (त्याला तिनं अजून नाशिकचं ऊन दाखवलेलं नाही) यांच्या मधोमध तो ड्रोन पाय पोटाशी घेऊन झोपलेला होता. विमानतळावर तुला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तूही कुणाला काही सांगितलं नव्हतंस. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे असं माझं मत आहे, पण मी तुला बोल लावत नाही. मामासाठी प्रेमानं आणलेली वस्तू. मला तेव्हा भरून आलं होतं आणि अजूनही कधीकधी येतं.

तू म्हणालास, मामा, याचं वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम आहे, अडीचशेच्या आत असलं की फारसे नियम लागत नाहीत. हे मला फार आवडलं. सातपूरच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो हे तुला ठाऊक आहेच (मी ते दर भेटीत सांगतो), त्यामुळं मापाच्या अगदी काठावर बसणाऱ्या वस्तूबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. मग तू दोन बॅटऱ्या दाखवल्यास, एक लहान आणि एक मोठी, आणि मोठीबद्दल काहीतरी नीट समजावून सांगायला लागलास. नेमकं त्याच वेळी मामीनं पुरणपोळीवर तूप वाढायला घेतलं. मला फक्त एवढंच कळलं की मोठी जास्त वेळ टिकते. बाकीचं तुपात गेलं.

तू परत गेलास आणि आम्ही त्याला वणीला नेलं. आपल्याकडं नवीन मोटारसायकल असो की फवारणीचा पंप, देवीला दाखवल्याशिवाय कुणी वापरत नाही, आणि हा तर उडणारा. सोबत तुझे गोटीरामकाका होते. (आपल्या मळ्याच्या पूर्वेच्या बांधापलीकडचे. त्यांच्या विहिरीत तू पोहायला शिकलास आणि एकदा चप्पल बुडवलीस ते.) मामीनं ड्रोनला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मी झेंडूची बोटभर माळ घातली आणि गोटीरामनं काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची ओवून पोटाखाली घट्ट बांधली. तो म्हणाला, "वर लय नजरा असत्यात, असू दे." वर कुणाच्या नजरा असतात हे मी विचारलं नाही. घरी येऊन पहिल्यांदा उडवला तर सगळा मळा लालभडक दिसला, घर लाल, म्हैस लाल, मामी लाल. मामी म्हणाली हा देवीचा कौल आहे. तासाभरानं लक्षात आलं की तिनं कुंकू नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर लावलं होतं.

त्यानंतर आमचं त्याच्याशी जमत गेलं. तो उंची फुटांत सांगायचा आणि वाऱ्याचा वेग मैलांत, ते मी कागदावर बदलून घ्यायचो. त्यात एक 'घरी ये' असं बटण आहे. ते दाबलं की तो जिथून उडाला तिथं गपचूप येऊन उतरतो. मला आधी वाटलं होतं की बटण दाबलं की तुझ्या टेक्सासच्या दिशेनं निघेल आणि रामशेजच्या डोंगरापलीकडं बॅटरी संपून पडेल. पण तसं नाही. शेवटचा जिथून उडाला तेच त्याचं घर, मागचं सगळं तो विसरतो. (हे मी ड्रोनबद्दल लिहितोय, तू मनाला लावून घेऊ नकोस.)

आता मुख्य गोष्ट. पण तिच्याआधी झेंडूची रीत सांगायला हवी, कारण तू पंचवटीत वाढलास, तुला फुलं बाजारात आल्यावरची माहीत, त्याआधीची नाहीत. मी लावतो केशरी आणि गोटीराम लावतो पिवळा. हे आमचं ठरवून झालेलं नाही, पण मोडलंही कधी नाही. दसऱ्याच्या तोरणाला दोन्ही लागतात, म्हणून दसऱ्याच्या आदल्या पहाटे एकाच पिकअपमध्ये त्याची फुलांची कॅरेट आणि माझी कॅरेट रचून आम्ही फुलबाजारात जातो आणि शेजारी शेजारी बसतो. केशरीचं गिऱ्हाईक माझ्याकडून त्याच्याकडं सरकतं, पिवळ्याचं त्याच्याकडून माझ्याकडं. मधल्या वेळात तो माझ्या डब्यातलं खातो आणि त्याच्या डब्याला नावं ठेवतो.

तर रीत अशी. आपल्या शिवारात, दसऱ्यासाठी कुणी किती झेंडू लावला, हे सरळ कधी सांगायचं नसतं. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नाही लावला. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, आहे थोडा. तिसऱ्यांदा, चहा हातात असताना विचारलं की मग खरं सांगायचं, तेही वाफे मोजून. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. पिकाला दृष्ट लागू नये हे एक कारण, आणि समोरच्याला खरंच जाणून घ्यायचंय का हे बघायचं असतं हे दुसरं. ज्याला खरंच हवं असतं तो तीनदा विचारतो. मी स्वतः यंदा शिवारातल्या रावजीला "देवापुरता लावलाय" असं सांगितलं आणि देव किती मोठा ते त्यानं विचारलं नाही.

लावणीच्या दिवसांत मी बांधावर गोटीरामला पहिल्यांदा विचारलं. तो म्हणाला, "नाय बाबा यंदा," आणि बांधावरचं गवत उपटत राहिला. दरवर्षी तो हेच म्हणतो. फक्त दरवर्षी म्हणताना हसतो, यंदा हसला नाही. उन्हाळ्यात त्याला छातीत दुखून दवाखान्यात ठेवलं होतं हे तुला आईनं सांगितलंच असेल. त्यानंतर तो हळू चालतो आणि बसला की लवकर उठत नाही. मग त्यानं मळ्याच्या चारी बाजूंनी मका टोचला आणि तो मका बघता बघता पुरुषभर वाढला. आत काय आहे ते रस्त्यावरून दिसेना. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. का नाही, ते पुढं बघू.

भाद्रपदाच्या शेवटी एका सकाळी मी माझ्याच झेंडूवरचा करपा बघण्यासाठी ड्रोन उडवला. (हे वाक्य नीट वाच, मी ते बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे.) कांदे साठवायच्या चाळीमागं उभा राहिलो, कारण तिथं सावली असते आणि सावलीत रिमोटचा पडदा चांगला दिसतो. वारा पश्चिमेचा होता. बॅटरी मोठी घातली होती, कारण करपा सावकाश बघावा लागतो. तर वाऱ्यानं म्हण किंवा कशानं म्हण, ड्रोन जरा पूर्वेला सरकला आणि गोटीरामच्या मक्यावर जाऊन थांबला. आता थांबलाच आहे तर म्हटलं बघावं. मक्याच्या चौकटीच्या आत पिवळा होता रे. नुसता पिवळा, बांधापासून विहिरीपर्यंत. मी किती वेळ तसाच उभा होतो ते सांगता येणार नाही. मोठी बॅटरी खरोखरच चांगली टिकते.

मग मागून आवाज आला, "वाल्मीककाका, चाळीमागं काय करता?" बघतो तर वैष्णवी, गोटीरामची धाकटी मुलगी. ती कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला आहे आणि त्यांच्यात कसलासा ड्रोनचाच प्रकल्प चालू आहे. मी म्हणालो, करपा बघतोय. ती म्हणाली, "आमच्या मळ्यातला?" आणि तिनं फोन माझ्यापुढं धरला. त्यावर नकाशा होता, नकाशावर दोन ठिपके. एक ठिपका त्यांच्या पिवळ्या झेंडूवर आणि एक ठिपका आमच्या कांद्याच्या चाळीमागं. शेजारी ड्रोनचा नंबर, उंची, वेग. ती म्हणाली, "गच्चीवर कपडे वाळत घालत व्हते, घूं घूं ऐकू आलं म्हणून बघितलं. हे ॲप ड्रोन कुठं हाय ते सांगतं, आन् उडवणारा कुठं हाय ते बी."

तिनं मला जे समजावलं ते तूच समजावत होतास, तूप वाढलं जात असताना. हा अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेला ड्रोन. लहान बॅटरी असली तर तो वजनात आत राहतो आणि गप्प राहतो. मोठी घातली की अडीचशेच्या वर जातो, आणि तिकडच्या नियमाप्रमाणं क्षणाक्षणाला आपला नंबर, आपलं ठिकाण आणि आपल्या मालकाचं ठिकाण हवेत जाहीर करत सुटतो. ज्याच्या फोनात ते ॲप असेल त्यानं ऐकावं. रविराज, एकदाही न विचारता, पहिल्याच झटक्याला, पूर्ण खरं सांगणारी वस्तू आपल्या शिवारात आजवर आली नव्हती. आली तीही माझ्याच घरात.

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. "आन् काका, असा अख्खा ड्रोन भायेरून आणायलाच बंदी हाय." मी लगेच म्हणालो की खोलून चार पिशव्यांत भरून आणला असं समजू. ती म्हणाली खोलून आणला तरी बंदीच, सुटे भाग आणून इथं बनवला तर गोष्ट वेगळी. तुमची पिढी फार वाचते.

बातमी संध्याकाळपर्यंत शिवारभर झाली. मला वाटलं होतं लोक भांडायला येतील. आले खरे, पण एकेकटे, दिवेलागणीला, आणि हातात काहीतरी घेऊन. रावजी दूध घेऊन आला आणि अर्धा तास पावसावर बोलून म्हणाला, "माझं जाऊ दे, पण लंकाबाईनं किती लावलाय रं?" लंकाबाई दोडकी घेऊन आली आणि तिनं रावजीचं विचारलं. दोघांनी मला बजावलं की त्यांचं कुणाला सांगायचं नाही. मी म्हणत होतो की मी फक्त करपा बघितला, तर ते आणखी भाजी आणत होते. मामीला आठवडाभर बाजारात जावं लागलं नाही आणि तिचं मत ड्रोनबद्दल फारच चांगलं झालं.

आला नाही तो गोटीराम. बांधावर दिसला की पाठ करायचा. शेवटी मी वैष्णवीला विचारलं, आबा काय म्हणतात. ती म्हणाली, "आबा म्हणले, वरून बघायची काय गरज व्हती? दुसऱ्यांदा इचारायचं व्हतं."

आता ते पुढं बघू म्हटलं होतं ते लिहितो. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला भीती वाटत होती. पहिल्या नाहीला काही अर्थ नसतो. पण दुसऱ्यांदाही तो नाहीच म्हणाला असता, तर ते खरं असतं. मग त्याच्यानं आता होत नाही हे खरं, दसऱ्याला पिकअपमध्ये मी एकटा हे खरं, आणि त्याच्या पुढचंही काय काय खरं होत गेलं असतं कुणास ठाऊक. ते त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा वरून बघितलेलं बरं वाटलं. पिवळा दिसल्यावर मला काय वाटलं ते मी त्या चाळीमागं एकट्यानंच वाटून घेतलं. तुला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं म्हणून पडदा नीट दिसत नव्हता, नाहीतर मी ड्रोन वेळेवर परत आणला असता.

मग पोलिस आले. कुणी कळवलं हे मी विचारलं नाही, तीनदा विचारायला माझ्यात जीव नव्हता. राकेश नावाचे तरुण हवालदार होते, मोटारसायकलवरून आले, चहा घेतला, बूट बाहेर काढून आत बसले. त्यांनी विचारलं ड्रोन कुठला. मी म्हणालो अमेरिकेचा. त्यांनी विचारलं इथला नोंदणीचा नंबर कुठं आहे. मी म्हणालो नंबर आहे, पण तिकडचा आहे. ते म्हणाले, "म्हंजे पाहुणा हाय, आन् व्हिसा नाय." मग त्यांना आठवलं की अडीचशेच्या आतल्याला जरा सवलत असते, तेव्हा आधी वजन करू. मी घाईनं लहान बॅटरी घातली आणि फुलं तोलायचा काटा ओट्यावर मांडला. तोवर सगळं शिवार कुंपणाशी जमलं होतं, म्हणजे ज्यांच्यापैकी कुणीच झेंडू लावलेला नाही ते सगळे.

काटा तीनशेच्या वर गेला. मी दुसऱ्यांदा ठेवला, तरी तेच. तपासणी खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाची वस्तू सगळ्यांदेखत मापाबाहेर जावी, यासारखी नामुष्की नाही. हवालदार कागद काढू लागले. तेवढ्यात गोटीराम बांध ओलांडून आला. हळू आला, पण सरळ काट्याशी आला. माझ्याकडं बघितलं नाही. ड्रोन उचलला, उलटा केला, पोटाखालच्या काळ्या दोऱ्याला दात लावून तोडला आणि लिंबू-मिरची हातात घेतली. "साहेब," तो म्हणाला, "लिंबू काय उडायला नव्हतं बांधलं. ते माझं हाय." मग त्यानं वाळलेली माळ काढली. हवालदारांनी स्वतःच्या रुमालानं कुंकू पुसलं. आता काट्यावर दोनशे एकोणपन्नास आले आणि कुंपणाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वजनाचं मिटलं, जन्माचं राहिलं. हवालदार म्हणाले बाहेरून आणल्याचं काय ते साहेबांना विचारून सांगतो, तोवर खोक्यात ठेवा, उडवायचा नाही, आणि ज्यानं आणला तो आला की त्याच्यासोबत परत जाऊ दे. हे मला बरोबर वाटलं. गोटीराम मात्र ते ऐकायला थांबला नाही. लिंबू खिशात घालून आला तसा बांध ओलांडून गेला. मी हाक मारणार होतो, पण हवालदारांना दोडकी बांधून द्यायची होती.

तर हे असं झालं. ड्रोन आता कपाटात तुझ्या मामीच्या स्वेटरशेजारी आहे, दोघेही तुझ्या वाटेकडं डोळे लावून आहेत. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. सूनबाईंना आशीर्वाद, वेदिकेला पापा. थंडीचं कानाला बांधत जा.

तुझा,
वाल्मीकमामा

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहायचं राहिलंच. मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे. तुझ्या कंपनीचं नाव वर छापलेलं असेल तर उत्तम, इंग्रजीत लिही आणि खाली मराठी. त्यात एवढंच म्हण की परदेशी बाजारातले असे ड्रोन पश्चिमेच्या वाऱ्यानं आपोआप पूर्वेला सरकतात, हा त्यांचा जन्मजात दोष आहे, आणि यात उडवणाऱ्याच्या मनाचा काही संबंध नसतो. मी तो गोटीरामला दाखवीन. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. दसऱ्याच्या आत आला तर बरं, कारण पिकअपवाला विचारतोय एका मळ्यावर यायचं की दोन. नुसता केशरी घेऊन मी त्या बाजारात कधी बसलेलो नाही.

ता. क. दुसरा. दसरा, संध्याकाळ. पत्र अजून घरातच आहे, कारण नवरात्रात तुझी आई नऊ दिवस उठता-बसता देवळात होती आणि कुरिअरवाल्याकडं कुणी गेलं नाही. बरं झालं. तो कागद लिहू नकोस.

अष्टमीला मी बांधावर गेलो. गोटीराम गवत उपटत होता. मी म्हणालो, "गोटीराम, यंदा पिवळा हाय का रं?" त्यानं आणखी दोन मुठी गवत उपटलं. मग म्हणाला, "हाय थोडा." मी तिथंच बसलो. वैष्णवीनं चहा आणून ठेवला आणि तो निवायला लागला तरी मी कपच धरून होतो. शेवटी तोच म्हणाला, "तिसऱ्यांदा कवा इचारतो, फुलं सुकल्यावर?" मग मी तिसऱ्यांदा विचारलं आणि त्यानं सांगितलं, वाफे मोजून, विहिरीपासून बांधापर्यंत. मी पहिल्यांदाच ऐकतोय असं सगळं ऐकून घेतलं. झाल्यावर तो म्हणाला, "आन् त्या दिशी वारं पूर्वेचं व्हतं. पश्चिमेचं नव्हतं." मी चहा प्यालो.

काल पहाटे आम्ही दोघं पिकअपमधून गेलो. यंदा शिवारात कुणीच झेंडू लावलेला नव्हता, त्यामुळं बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गोटीराम सगळा वेळ कॅरेटवर बसून होता, उचलाउचल मी केली, आणि माझ्या डब्यातली भाजी त्याला यंदा खारट लागली. आज खंडेनवमीची राहिलेली पूजा दसऱ्यालाच उरकली, विळा, खुरपं, काटा आणि त्यांच्या शेजारी तुझा ड्रोन. त्याला केशरी-पिवळी जाड माळ घातली आहे आणि गोटीरामनं खिशातलं तेच लिंबू, आता वाळून सुपारीएवढं झालेलं, पुन्हा बांधलं आहे. उडायचंच नाही तर वजनाची काळजी कुणाला.

सुरुवातीला मी लिहिलं होतं की मी कुठं बसून लिहितोय ते विचारू नकोस. तेव्हा मी चाळीमागं बसलो होतो. आता तू विचारायच्या आधीच सांगतो. नाव वाल्मीक, वेग काहीही नाही, उंची जमिनीपासून दोन पायऱ्या, ठिकाण गोटीरामच्या ओट्यावर त्याच्या डाव्या हाताला. तो पत्र वाचतोय आणि म्हणतोय की डोळ्यांत पाणी आलं ते खोड. मी खोडत नाही.